निळ्या झाडाखाली थांबा

घरात तिला सगळे दुर्बीण म्हणत. नाव नवऱ्याने ठेवलं, सासूबाईंनी उचललं, आणि आता तीन वर्षांची लेकसुद्धा चिडली की त्याच नावाने ओरडायची. नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. पोर रांगायला लागली तेव्हा हिने घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्यांना जुने मोजे बांधले होते. पाहुणे विचारायचे, "टेबलाला थंडी वाजते का हो?"

तर ही दुर्बीण वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात एका मोठ्या शहरात रोषणाई बघायला आली. बरोबर नवरा, सासूबाई आणि भुंगा. भुंगा म्हणजे लेक. जागी असेपर्यंत गुणगुण थांबत नाही म्हणून भुंगा. मुक्काम मोठ्या नणंदेच्या पाचव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. चार दिवस मजा करायची, असं सगळ्यांचं ठरलं होतं. दुर्बिणीच्या पिशवीत मात्र, आतल्या चेनच्या कप्प्यात, एक कागद घडी घालून ठेवलेला होता. पाळणाघराचा अर्ज. सोमवारपर्यंत भरून पाठवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा नोकरीवर रुजू होणार होती. सासूबाई म्हणत होत्या, "मी काय मेलेय का? माझी नात परक्यांकडे कशाला?" नवरा म्हणत होता, "तुम्ही दोघी ठरवा," म्हणजे त्याला काहीच ठरवायचं नव्हतं. आणि दुर्बीण बघत होती. गेल्या दोन महिन्यांत सासूबाईंनी दोनदा चहा कपाच्या शेजारी ओतला होता. साखरेच्या डब्याला त्यांनी कधीतरी जाड दोरा बांधून ठेवला होता, कशाला विचारलं तर "असाच." जिना उतरताना त्या भुंग्याचा हात धरून मोठ्याने पायऱ्या मोजायच्या, आणि ते मात्र तिला आवडायचं, पोरीला आकडे येतात. मोतीबिंदू आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण डॉक्टरांनीच वर्षापूर्वी सांगितलं होतं की घाई नाही, आणि सासूबाई म्हणायच्या, "मला लख्ख दिसतं."

लख्ख दिसतं तर चहा बशीत कसा जातो? आणि वयच झालं असेल, तर रोज आठ तास पोर त्यांच्या भरवशावर कशी ठेवायची? नाही ठेवली, तर त्यांच्या तोंडाकडे कसं बघायचं? त्या कागदाचं ओझं छटाकभरही नव्हतं, पण पिशवीचा पट्टा खांद्याला काचत होता.

निघताना नणंदेने दारातच बजावलं. तिला ड्यूटी होती, ती येणार नव्हती. "गर्दी फार असते गं. मोठ्या रस्त्याच्या मधोमध सात झाडं आहेत, सात रंगांची. एक ठरवून ठेवा. चुकामूक झाली की सगळ्यांनी त्याच्याखाली जायचं."

"निळं," दुर्बीण लगेच म्हणाली. भुंग्याला खात्रीने ओळखता येणारा रंग तो एकच. बाकी सगळं जग तिच्या लेखी लाल होतं.

"आई, कळलं ना? निळं झाड."

"हो हो. निळं," सासूबाई बुटाची चेन लावता लावता म्हणाल्या. "मला काय रंग कळत नाहीत?"

भुयारी रेल्वेतून वर आले तेव्हा साडेपाच झाले होते आणि आभाळ काळंशार. समोर रस्ता असा पेटलेला की चौघेही पायऱ्यांच्या तोंडाशीच उभे राहिले आणि मागच्यांनी ढकललं. दुकानांच्या काचांमध्ये कापडी अस्वलं ढोल बडवत होती. कापसाचा बर्फ पडत होता. कुणी एक उंच माणूस बांबूच्या पायांवर डोक्यांच्या वरून चालत गेला. आणि रस्त्याच्या मधोमध ती झाडं: एक पान नाही, पण बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, काडी न् काडी दिव्यांच्या माळांनी गुंडाळलेली. एक जांभळं, एक पिवळं, पुढे हिरवं, आणि हे जवळच निळं.

"निळं!" भुंगा किंचाळली.

"शाब्बास. हेच आपलं झाड," दुर्बीण म्हणाली. झाडाखाली नेऊन तिने सगळ्यांना उभं केलं. नवऱ्याने फोटो काढला. सासूबाईंच्या कोटाचा खिसा फाटका होता, म्हणून त्यांचा फोन तिने आपल्या पिशवीत टाकला. भुंग्याच्या उजव्या हातमोज्यात तिने घरूनच एक चिठ्ठी सारून ठेवली होती, दोघांचे नंबर लिहून. हातमोजा कोटापेक्षा बरा, कोट पोरगी काढून टाकते.

"इथे पायाला किती ऊब लागतेय गं," सासूबाई म्हणाल्या. "कुणी चूल पेटवल्यासारखी."

"हं," दुर्बीण म्हणाली. तिचं लक्ष नव्हतं. ती माणसं मोजत होती.

नवरा सगळ्यांसाठी गरम दूध आणायला गेला. रांग मोठी होती. आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की भुंग्याचा उजवा हात उघडा आहे.

"हातमोजा कुठेय?"

"लाल," भुंगा म्हणाली.

"लाल नाही गं, कुठे टाकलास?"

पायऱ्यांवरच पडला असणार. पायऱ्या समोर, पन्नास पावलांवर. दुर्बिणीने एकदा पायऱ्यांकडे बघितलं, एकदा सासूबाईंकडे. सासूबाईंनी भुंग्याचं बोट धरलं होतं आणि त्या तिच्याकडेच बघत होत्या, जराशा ताठ मानेने. आता नाही म्हणायचं म्हणजे तोंडावर सांगायचं, की पाच मिनिटंसुद्धा तुमच्यावर सोडवत नाही.

"दोन मिनिटांत आले, आई. इथेच थांबा हं. निळ्या झाडाखाली."

"जा बाई. आम्ही कुठे पळून चाललोय?"

हातमोजा सापडला. चौथ्या पायरीवर, बुटांचे ठसे घेऊन पडला होता. तिने तो उचलला, झटकला, आणि बोटांना आत कागद लागला. चिठ्ठी. ती तशीच उभी राहिली. चिठ्ठी इथे, सासूबाईंचा फोन पिशवीत. हरवू नये म्हणून केलेली सगळी व्यवस्था तिच्या एकटीच्या हातात होती, आणि ज्यांच्यासाठी केली त्या दोघी रिकाम्या हातांनी तिकडे.

परत वळली तर वाटेत दोरी. पिवळ्या जाकिटातला पोलीस हात हलवत होता. "इकडून फक्त बाहेर. आत जायचं तर मागच्या गल्लीतून, वळसा घालून."

"अहो, ते काय समोर माझी मुलगी—"

"सगळ्यांचं कुणी ना कुणी समोरच असतं, मॅडम. वळसा."

मागच्या गल्लीत सगळी दुकानं सारखीच होती. एकदा डावीकडे वळायचं होतं की दोनदा? ती दोनदा वळली. मोठा रस्ता लागला तो भलत्याच टोकाला, आणि नेमक्या त्या क्षणी अख्खा रस्ता विझला. झाडं, काचा, अस्वलं, सगळं. हजारो माणसं एका सुरात "ओऽऽ" म्हणाली. अंधारात दुर्बिणीला एकच दिसत होतं, भुंग्याचा उघडा उजवा हात.

मग कुठेतरी बिगुल वाजलं, टाळ्या झाल्या आणि सगळं पुन्हा पेटलं. सहा वाजले होते. म्हणे उद्घाटन.

निळं झाड तिला लगेच दिसलं. ती गर्दीत कोपरं मारत, "सॉरी सॉरी" म्हणत तिथे पोचली. झाडाखाली एक टोपीवाला म्हातारा आणि तीन कॉलेजच्या पोरी. सासूबाई नाहीत. भुंगा नाही.

"इथे एक आजी आणि छोटी मुलगी...?"

"आम्ही आत्ताच आलो, काकू."

तिने नवऱ्याला फोन लावला. "कुठेयस तू?"

"निळ्या झाडाखाली! तुम्हीच कुठे आहात? मी दुधाचे चार ग्लास धरून उभा आहे, हात भाजतायत माझे."

"मी निळ्या झाडाखाली आहे!"

"अगं, मी पण निळ्या झाडाखालीच आहे."

"मग दिसत का नाहीस?"

"तूच दिसत नाहीस. ए, भुंगा कुठेय? तुझ्याकडे आहे ना?"

ती टाचा उंचावून गर्दीत बघायला लागली. पलीकडून दूध सांडल्यासारखा आवाज आला. मग तो हळूच म्हणाला, "अरेच्चा. हे तर लाल आहे."

"काय?"

"झाड. मी आलो तेव्हा निळं होतं. शपथ. आता लाल आहे."

तिने मान वर केली. तिच्या डोक्यावरचं झाड हिरवं होतं.

पुढची वीस मिनिटं कशी गेली ते तिला नंतर नीट सांगता आलं नाही. निळं पुढे दिसलं की ती तिकडे धावायची, पोचेपर्यंत ते हिरवं व्हायचं आणि निळं आणखी एक झाड पुढे. एकदा तर तिला वाटलं, झाड तिला बघून पळतंय. दर झाडाखाली ती ओरडली, "आई! भुंग्या!" आणि दर झाडाखालच्या माणसांनी मदतीच्या सुरात विचारलं, "काय घातलंय?" तिला सांगता येईना. ती, जिला पोरीच्या कोटाची बटणं किती हेसुद्धा पाठ होतं, ती कोटाचा रंग विसरली. डोक्यात निळ्याशिवाय रंगच उरला नव्हता. बँडवाले कानाशी येऊन वाजवत होते. चालायचं एकाच दिशेला. मागे वळायचं तर पुन्हा दोरी, पुन्हा गल्ली.

गल्लीच्या तोंडाशी नवरा भेटला. चार ग्लासांतले अडीच उरले होते, आणि त्याच्या बाहीवर साय वाळली होती.

"पाळणाघर," ती म्हणाली. दुसरं काही तोंडातून आलंच नाही. "मी आधीच अर्ज भरायला हवा होता. तू म्हणालास, तुम्ही दोघी ठरवा."

"आत्ता तो विषय आहे का?"

"मग कधी आहे?"

तिथेच एक वायरमन शिडीवर चढून खांबावरच्या पेटीत डोकं घालून होता. त्याने शिट्टी थांबवून खाली बघितलं. "वहिनी, शिडीला टेकू नका. काय झालं?"

दोघांनी एकदमच सांगितलं. त्याने कान खाजवला.

"निळं झाड? कुठल्या वेळचं निळं?"

"म्हणजे?"

"अहो, रंग फिरते आहेत. दर तीन मिनिटांनी एकेक झाड पुढे. मागच्या वर्षी एका जागी होते, लोक म्हणाले मजा नाही. म्हणून या वर्षी फिरते केले."

नणंद मागच्या वर्षी आली होती. दुर्बिणीने कपाळाला हात लावला, तो हातमोजा धरलेलाच होता.

"फोटो!" नवरा म्हणाला. ग्लास तिच्या हाती देऊन त्याने फोन काढला. "हा बघा. पाच बेचाळीस. पाच बेचाळीसला निळं झाड कुठलं होतं? काढा हिशोब."

वायरमनने फोटो बघितला. झाडाच्या बुंध्याशी तिघी, सगळ्यांचे चेहरे निळे, मागे नुसते दिवे. त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली, तिसऱ्या बोटाशी थांबला आणि ओशाळून हसला. "नाही जमणार साहेब. सहानंतर मशीन चालवतंय. सहाच्या आधी आम्ही हातानेच बटणं दाबून तपासत होतो. कधी हे निळं, कधी ते. पाच बेचाळीसला कुठलं होतं, ते देवालाच माहीत."

"स्टेशनसमोरचं," नवरा म्हणाला.

"स्टेशनला चार दारं आहेत. कुठल्या?"

नवरा बायकोकडे बघू लागला. एरवी अशा वेळी तिला ठाऊक असायचं. आता ती गार होत चाललेलं दूध हातात घेऊन नुसती उभी होती. दूध कोमट, बोटं गार. कोमट. तिच्या मनात कुठेतरी काहीतरी हललं. कुणीतरी उबेचं काहीतरी बोललं होतं. चूल पेटवल्यासारखी.

"दादा," ती म्हणाली, "इथे कुठे जमिनीतून गरम वारा येतो का?"

"गरम? हां, रेल्वेची जाळी आहे. खालची हवा वर येते. थंडीत मांजरं झोपतात तिथे."

"कितव्या झाडापाशी?"

"एकाच. शेंगदाणेवाल्यासमोर, तिसरं. इथून या बाजूने जा, दोरीवाल्याला माझं सांगा."

ग्लास नवऱ्याच्या हाती कोंबून ती धावली. तिसरं झाड केशरी होतं. या झाडाजवळून ती मघाशी दोनदा गेली होती. दोनदा वर बघून, निळं नाही म्हणून पुढे गेली होती. आता तिने खाली बघितलं.

बुंध्याभोवतीच्या दगडी कठड्यावर, माणसांच्या गुडघ्यांच्या उंचीवर सासूबाई बसल्या होत्या. मांडीत भुंगा, वरून शाल. जाळीतून येणाऱ्या वाऱ्याने शालीच्या दशा उडत होत्या. भुंगा गुणगुणत दाणे खात होती, शेंगदाणेवाल्याने दिलेले.

दुर्बिणीने पोरीला उचलायला हात घातले, तर पोर येईना. ओढली तर सासूबाईच पुढे आल्या.

"अगं, हळू! कोट फाटेल."

भुंग्याच्या कोटाचं वरचं बटण सासूबाईंच्या कोटाच्या काजात घातलेलं होतं. त्याखालचंही.

"हे काय, आई?"

"मग काय करू? अंधार झाला ना मघाशी. हात सुटला तर?" सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याला मी असंच बांधून बाजारात न्यायची. सात वर्षांचा होईपर्यंत. विचार त्याला."

नवरा मागून धापा टाकत आला होता. "लोकांसमोर काय सांगतेस, आई," असं म्हणत त्याने भुंग्याच्या डोक्यावर तोंड टेकलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

"दोनदा जवळून गेलीस तू," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "तुझा आवाज ऐकला. मी हाकही मारली. पण ते बँडवाले मेले!"

"आजी, निळं पळालं," भुंगा म्हणाली.

"हो ना. ही मघापासून तेच म्हणतेय. निळं पळालं, चल पकडू. मी म्हटलं, पळू दे त्याला. आपल्याला इथे थांबायला सांगितलंय."

नवरा उरलेलं दूध ग्लासात सारखं करायला वळला. दुर्बीण गुडघ्यांवर बसून बटण सोडवायला लागली. बोटं बधिर झाली होती, बटण काजातून निघेना. तिचं तोंड सासूबाईंच्या कानाशी आलं होतं.

"आई, झाड निळ्याचं लाल झालं तेव्हा तुम्हाला शंका नाही आली? दुसऱ्या झाडाखाली जावं असं?"

सासूबाईंनी मुलाच्या पाठीकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "कुठलं निळं गं? मला सगळीच करडी दिसतात. दिव्याभोवती नुसती मोठी मोठी फुलं. छान दिसतं तेही. पण रंग नाही." त्यांनी शाल भुंग्याच्या पायांवर ओढली. "मी जागा धरली होती. पायाला ऊब, समोर दाण्यांचा वास."

दुर्बिणीचा हात बटणावरच राहिला. चहा, दोरा बांधलेला साखरेचा डबा, मोठ्याने मोजलेल्या पायऱ्या. इतकं बघत होती ती, आणि काय बघत होती?

"कधीपासून?"

"झाले असतील सहा-आठ महिने. सांगितलं असतं तर तू पोरीला हात लावू दिला असतास का?"

खरं उत्तर नाही असं होतं. ते दोघींनाही माहीत होतं.

"तो कागद पिशवीत आहे ना तुझ्या?" सासूबाई म्हणाल्या. "पिशवी आवरताना हाताला लागला होता. गुळगुळीत कागद, वर्तमानपत्राचा नाही. भर तो. मी काही रुसणार नाही. रुसले तरी चार दिवस."

घरून निघताना तिला हेच हवं होतं. त्यांनीच म्हणावं, म्हणजे आपल्या माथी नको. आता त्या म्हणत होत्या तर तिला ते घेववेना. जिला निळं दिसत नाही तिच्या हाती पोर कशी द्यायची? आणि चार डोळे, दोन फोन आणि एक दुर्बीण अख्ख्या रस्त्यावर निळ्यामागे धावत असताना जिने पोर अंगाला बटणाने लावून जागा सोडली नाही, तिच्या हातून ती काढून घ्यायची कशी? एक बरोबर म्हणावं तर दुसरं चूक ठरत नव्हतं.

"आधी डोळे," ती शेवटी म्हणाली. "सोमवारी डॉक्टरांना फोन करते. घाई नाही म्हणे! लवकरची तारीख मागते."

"आणि पाळणाघर?"

"त्यांनाही फोन करायचाय सोमवारीच."

"काय सांगणार?"

दोनच फोन करायचे होते. पण कुठला आधी, आणि दुसऱ्यात काय बोलायचं, हे दुर्बिणीला काही केल्या ठरवता येईना.

"याला आत्ता सांगू नकोस," सासूबाईंनी मुलाकडे हनुवटी केली. "घरी गेल्यावर मीच सांगेन. इथे सांगितलं तर उरलेलं दूधही सांडेल."

तिला हसू आलं, आणि हसताना नाक गळायला लागलं. तिने पिशवीतून सासूबाईंचा फोन काढला आणि त्यांच्या फाटक्या नव्हे, दुसऱ्या खिशात घातला. चिठ्ठी काढून तीही त्याच खिशात. हातमोजा भुंग्याच्या हातात चढवला. बटणं तेवढी राहू दिली.

मग चौघं निघाली. सासूबाई आणि भुंगा एकमेकींना जोडलेल्या, म्हणून तिरक्या चालत होत्या. नवरा पुढे वाट करत होता. दुर्बिणीने सासूबाईंचा दंड धरला. आधार देत होती की घेत होती, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

"एक सांग," सासूबाई मान वर करून म्हणाल्या. "एवढ्या लांबून आलोय. हे समोरचं कुठल्या रंगाचं आहे?"

"लाल," भुंगा म्हणाली.

"तुला नाही विचारलं."

दुर्बिणीने वर बघितलं. "जांभळं आहे, आई. त्याच्या पुढचं पिवळं, आणि त्याच्या पुढे... नाही, थांबा हं. थांबा. बदललं."